दोन पेडलांची गाडी

बाबांची गाडी ऑटोमॅटिक होती. तिला क्लच नव्हता. पायाशी दोनच पेडलं, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. पक्षाघातानंतर बाबांचा डावा हात आणि डावा पाय कामातून गेले होते. उजव्या पायाने आणि उजव्या हाताने चालवता येईल अशी ही एकच गाडी त्यांच्याजवळ होती. ती गेली तर त्यांचं गाडी चालवणं संपणार होतं, आणि गाडी चालवण्यापलीकडे त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलेलं नव्हतं.

कशेळे ते कर्जत या रस्त्यावर त्यांची प्रवासी जीप होती. दुखण्यानंतर ती विकली. ही जुनी ऑटोमॅटिक घेतली, आरटीओकडून परवान्यावर तशी नोंद करून घेतली आणि स्टिअरिंगवर एका हाताने फिरवण्यासाठी गोल मूठ बसवली. गाडी सुरू करताना ते ब्रेक दाबून धरत, उजवा हात पलीकडे नेऊन गिअरचा दांडा पुढे जाण्याच्या ‘डी’वर आणत आणि मग मूठ पकडत. पुढे रस्ताभर दांड्याला हात लावावा लागत नसे.

रोज सकाळी ते कशेळ्याच्या नाक्यावर जात. जीपवाल्यांबरोबर चहा घेत. जीप चुकलेल्या वाडीवरच्या बायकांना गाठोड्यांसकट गाडीत बसवून फाट्यापर्यंत सोडत. पैसे घेत नसत. घरी आले की कुणाला कुठे सोडलं ते आईला सांगत. आई ऐकून घेत असे.

नाक्यावर त्यांची चेष्टा व्हायची.

“काय शेठ, गाडी आणली का स्कूटर?”

“तुमी बसा ठेचत क्लच,” बाबा म्हणत. “माझा डावा पाय रिटायर झालाय.”

एका सकाळी नाक्यावर गाडी सुरू होईना. बिघाड स्टार्टरचा होता, म्हणजे किरकोळ. बाबांनी कर्जतच्या मेस्त्रीला फोन केला. हे मेस्त्री त्यांच्या जीपच्या काळापासूनचे. त्यांनी सांगितलं, गाडी तिथेच राहू दे, संध्याकाळी स्टार्टर घेऊन येतो.

गाडी तिथे राहिली नाही. रस्त्यात बंद पडलेली नाक्यावरच्या माणसाची गाडी कुणी सोडून जायची नाही, ही जीपवाल्यांची जुनी रीत. भाडं सोडावं लागलं तरी चालेल. बाबांनीही अनेकांच्या गाड्या अशा ओढून नेल्या होत्या. आधी सगळ्यांनी मिळून धक्का मारला. ऑटोमॅटिक धक्क्याने सुरू होत नाही.

“धक्क्यानं सुरू होत नाय ती कसली रं गाडी?” एक जण म्हणाला. तो बाबांच्याच हाताखाली जीप शिकला होता. त्यानेच आपल्या जीपला दोर बांधला. बाबांनी दांडा न्यूट्रलवर टाकला आणि ते स्टिअरिंगवर बसले. कर्जतपर्यंत गाडी दोराने ओढत नेली. वाटेत ओळखीचे लोक थांबून बघत होते आणि बाबा मूठ सोडून त्यांना हात करत होते, हे त्या ड्रायव्हरने मला नंतर सांगितलं. त्याला ते आरशात दिसत होतं.

साध्या गाडीला अशा ओढण्याने काही होत नाही. ऑटोमॅटिकचं तसं नसतं. तिच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना पुढची चाकं फिरत राहिली तर आतले भाग कोरडे घासतात. नाक्यावर गाडी खोलता येणारे पाच-सहा जण होते. सगळ्यांचे हात क्लचच्या गाड्यांवर बसलेले. हे एकालाही ठाऊक नव्हतं.

मेस्त्रींनी स्टार्टर बदलला. इंजिन सुरू झालं. ‘डी’ टाकला, गाडी हलली नाही. मागे जायचा ‘आर’ टाकला, हलली नाही. त्यांनी खालून तेल काढलं. ते काळं होतं, जळका वास येत होता, आणि बोटांवर घेतल्यावर धातूचा कीस चमकला.

“ओढून आणली?” त्यांनी विचारलं.

“हां.”

“मी येतो म्हटलं होतं ना, भाई.”

दोर बांधणारा तिथेच उभा होता. तो दोर गुंडाळत राहिला.

तसला गिअरबॉक्स चांगल्या अवस्थेत कुठेच मिळेना. एक मिळाला, तो आमच्या गाडीतल्यासारखाच बिघडलेला. नवा घेणं आम्हाला शक्य नव्हतं. मग मेस्त्रींनी मला आणि धाकट्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, मॅन्युअल, म्हणजे क्लचचा गिअरबॉक्स बसतो हिच्यात. इंजिन तेच आहे.” हाताने दाबायचा क्लच लावता येतो, हेही ते म्हणाले. पण त्याला डावा हात लागतो.

हे बाबांना कुणी सांगायचं, यावर आम्ही दोघं घरी बोलत होतो. बाबा आतल्या खोलीत होते. तिथूनच म्हणाले, “बसवून टाका. उभी राहिली तर उंदीर वायरी खातील.”

खालापूरच्या बाजूला हायवेलगत अपघातातल्या गाड्यांचं भंगार मिळतं. मेस्त्री, भाऊ आणि मी तिथे गेलो. त्याच मॉडेलची एक मॅन्युअल गाडी मिळाली. मागचा भाग चेपून सीटपर्यंत आला होता. पुढचा भाग शाबूत होता. बंपरला लिंबू-मिरची तशीच लटकत होती. भावाने मालकाला विचारलं, आत कोण होतं. “आम्ही विचारत नाही,” मालक म्हणाला. त्या गाडीतून गिअरबॉक्स, क्लच, तीन पेडलं, गिअरचा दांडा, केबल, एक्सल आणि इंजिनाचा कॉम्प्युटर काढून घेतला.

काम चालू असताना बाबा रोज गॅरेजमध्ये जात. भाऊ त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून नेई. स्टुलावर बसून ते बघत. एकदाच बोलले, ते क्लचची केबल बसवताना. जरा ढिली ठेवा, पोराचा पाय जड आहे, असं म्हणाले.

दोर बांधणारा ड्रायव्हर नाक्यावर चहाला थांबेनासा झाला होता. बाबांनी त्याला घरी बोलावलं.

“मी होतो ना रं स्टिअरिंगवर,” ते म्हणाले. “तू नुसता पुढं होतास.”

तो रडला. सगळे जीपवाले पाळीपाळीने येऊन बाबांना नाक्यावर नेऊ, असं तो जाताना म्हणाला. सुरुवातीला ते आलेही. मग शाळा सुरू झाल्या, भाडी वाढली, मग भातलावणी लागली. कुणी मुद्दाम येणं सोडलं असं नाही.

गाडी आता भाऊ चालवतो. त्याला खालापूरकडे कारखान्यात काम लागलं आहे, त्यामुळे आठवडाभर गाडी तिकडे असते. रविवारी तो बाबांना नाक्यावर घेऊन जातो.

स्टिअरिंगवरची मूठ तशीच राहिली होती. वळताना ती भावाच्या मनगटाला लागायची. ती काढायची असं आमच्यापैकी कुणीच म्हणत नव्हतं. एका रविवारी निघायच्या आधी बाबाच पान्यांची पेटी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले.

“काढ ती,” ते म्हणाले. “कधीतरी वळणावर हात अडकंल तुजा.”

भाऊ पाना लावायला लागला.

“दहाचा नाय. बाराचा घे.”

नट सैल झाला. भावाने मूठ काढून त्यांच्या हातात दिली. बाबांनी मुठीचा बोल्ट उलटसुलट करून पाहिला आणि मूठ परत त्याच्यापुढे धरली.

“नट लाव त्याच्यात. सुटा राहिला तर हरवतो.”

एका हाताने त्यांना तो लावता येत नव्हता. भावाने नट लावून दिला. बाबांनी मूठ पेटीत टाकली, काठी घेतली आणि ते गाडीला पुढून वळसा घालून डावीकडच्या दाराशी जाऊन उभे राहिले.