सावलीच्या रेघेआतली मधली सुट्टी

परकार सरांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी शाळेच्या पटांगणात आडवा पडलो होतो. पाचवीत होतो, नाशिकहून सौदीतल्या जिझानला नुकताच आलेला. मधल्या सुट्टीत भिंतीच्या सावलीतून धावत उन्हात शिरलो, डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं आणि झेंड्याच्या खांबावर हनुवटी फुटली. खेळाचे सर धावत आले. "उठो बेटा, उठो" म्हणता म्हणता थबकले.

"आई गं म्हणालास? मग रडतोस काय, आपलाच माणूस भेटलाय. मी दापोलीकडचा."

हनुवटीवर त्यांनी स्वतःचा रुमाल दाबला. रुमालाला अत्तराचा वास होता. तसं अत्तर मी पुढे रियाधच्या बाजारात पुष्कळ हुंगलं, पण ते राहू दे. सरांच्या साठीनिमित्त लिहायचं आहे.

माझे वडील रिफायनरीत सेफ्टी इंजिनिअर. घरी कुकरची शिट्टीसुद्धा ते संशयाने ऐकत. माझे टाके पाहून ते थेट मुख्याध्यापकांकडे गेले आणि पटांगणाला कुलूप लागलं. सुट्टीतही मुलांनी वर्गातच बसायचं ठरलं. इतरांचं माहीत नाही, मला शाळेत खेळणं तेवढंच जमत होतं. एका जागी बसणं आजही जमत नाही. ते कुलूप कायम राहिलं असतं, तर मी शाळेत टिकलो नसतो.

सरांनी वाद घातला नाही. वडिलांना फोन करून म्हणाले, "साहेब, उद्या मधल्या सुट्टीला या. मी काही बोलणार नाही. नुसतं बघा."

वडील आले. डबे संपताच बाकांवरून उड्या सुरू झाल्या. एकाचं डोकं खिडकीवर आपटलं, दुसऱ्याचं बोट दारात चेमटता चेमटता वाचलं. वडील सरांकडे वळले.

"सर, हे तर प्रेशर कोंडून ठेवल्यासारखं झालंय."

"तुम्हीच म्हणालात. मी न बोलायचं कबूल केलंय," सर म्हणाले.

दोघे तसेच पटांगणात गेले. उन्हात एकही मूल जाता कामा नये, अशी वडिलांची अट होती. सरांनी खडू घेऊन भिंतीच्या सावलीच्या कडेने रेघ ओढली. "बाहेर पाऊल पडलं की बाद."

"पण सावली सरकणार. जागा कमी होत जाईल."

"होऊ दे की. म्हणून तर लंगडी घ्यायची."

वडील हसले. त्यांनी खांबाला फोम गुंडाळून दिला आणि मुख्याध्यापकांना सांगून सुट्टी लवकरच्या तासाला आणली. कुलूप निघालं. सर रोज नवी रेघ ओढत, खेळ रंगात आला की आत सरकवत, आणि आम्ही भिंतीला चिकटून खिदळत बाद होत असू. धावता न येणाऱ्यालाही सर घेत. त्याच्याकडे पंचगिरी असे आणि त्याचा निकाल सर स्वतःही मानत. रमजानात सरांचा रोजा असे, तरी आमच्या पाण्याच्या बाटल्या भरून ते रेघेवर उभे राहत. "सर, तुम्हाला तहान नाही लागत?" असं एकदा विचारलं. "लागते ना. तू पी, मला बरं वाटेल," म्हणाले.

बारावीनंतर मी शिक्षण सोडलं. सर्व्हेच्या गाड्यांबरोबर हिंडतो; दूर वाळवंटात हफ्र अल बातिनला असताना तर महिनोन्‌महिने घरचं तोंड दिसत नसे. सरांचा फोन मात्र येई. पगार, लग्न काही नाही. "जेवलास? आज गाडीतून उतरून चाललास का जरा?" एवढंच.

आता नियमाप्रमाणे सरांची नोकरी संपते आहे, इकामा म्हणजे इथे राहायचा परवानाही. गेल्या महिन्यात मी शाळेत गेलो, तेव्हा सर त्याच कागदपत्रांसाठी बाहेर होते. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नव्हतं. सर गेले की पटांगणाला पुन्हा कुलूप लागेल, या धास्तीनेच गेलो होतो. सुट्टी झाली. तिसरीतल्या एका मुलीने खिशातून खडू काढला, सावलीच्या कडेने वाकडीतिकडी रेघ ओढली आणि लंगडी सुरू झाली. मी बघतच राहिलो.

"अंकल, यू आर आउट," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. मी उन्हात उभा होतो.

सर, तुम्ही निश्चिंत मनाने दापोलीला जा. तिथे झाडांची इतकी दाट सावली आहे, की रेघ कुठे ओढायची हा प्रश्नच पडेल. तुमचे गुडघे शाबूत राहोत, श्वास लांब राहो, आणि गावची पोरं तुम्हाला पुष्कळ वर्षं बाद न करोत.