मुका पॅड

माझ्या मोठ्या भावाचा ढोल मी तीन वर्षं बंद ठेवला होता, आणि वाजवून झालं की तो दर वेळी मलाच चहा पाजायचा.

भावाला सगळे नाना म्हणतात. धुळ्याजवळच्या आमच्या गावात कानबाई देवीपुढचा ढोल त्याचाच. श्रावणात रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. सुरतेपासून नाशिकपर्यंत पांगलेली भावकी रोटांचा प्रसाद खायला घरी येते, नानाचा ढोल ऐकते आणि परत जाते. मी जळगावला असतो. मिक्सर, पंखे दुरुस्त करतो आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात पॅड वाजवतो. (पॅड म्हणजे नऊ रबरी चौकोनांची पेटी. आत आवाज भरून ठेवायचे. ज्या चौकोनावर काठी माराल तो आवाज बाहेर. तिला पुसायला घरात वेगळं फडकं आहे, याचा बायकोला राग आहे.)

शिरपूरच्या एका लग्नात नानाचे हात लटपटले. ताल सुटला, वरातीतली पोरं नाचता नाचता थांबून हसली. नाना म्हणाला, “ऊन लागनं.” लग्न डिसेंबरातलं होतं. माझ्या पेटीत त्याचा जुना ढोल भरलेला होता, त्याचे हात धड होते तेव्हाचा. तिथून माझ्या डोक्यात किडा शिरला.

नानाच्या ढोलाला माईक लावायचा, माईकची वायर माझ्या पेटीत आणि पेटीतून स्पीकरला. नाना वाजवणार, मी मधल्यामध्ये त्याला अडवणार आणि त्याचाच जुना ढोल सोडणार. सुरुवातीला मी वायर अर्धवट उपसून ठेवायचो. ती कुणाच्या पायात आली की स्पीकर रेड्यासारखा हंबरायचा. मग पेटीत एक सोय सापडली. ठरावीक जोरापेक्षा हळू आवाज पेटी आत घेतच नाही. मी तो जोर इतका वर नेला, की नानाने हातातल्या टिपरूऐवजी पाटा आपटला असता तरी पेटी हलली नसती.

प्रश्न उरला तो थांबायचा. नाना थांबला की पेटीतला ढोलही त्याच ठोक्याला थांबायला हवा. त्यासाठी मी मुका पॅड तयार केला. दोन पॅडची जोडी लावता येते, एक वाजला की दुसरा गप्प. एकात नानाचा ढोल, एकदा मारला की चालूच राहणारा. दुसऱ्यात शांतता भरायची, म्हणजे त्यावर काठी मारली की ढोल कापला जाणार आणि वर ऐकू काहीच येणार नाही.

शांतता मी घरीच रेकॉर्ड केली. (आमच्या घरी! शेजारी पिठाची गिरणी, स्वयंपाकघरात बायको, सुनंदा.) बटण दाबलं आणि मागून आवाज आला, “नानाभाऊंना एकदा सांगून का टाकत नाही?”

मी वैतागून म्हणालो, “काय सांगू? हात चालत नाहीत म्हणून? त्याला ढोल फक्त गळ्यात पाहिजे. वाजवतो मीच.”

हे सगळं पेटीत गेलं. पुसून पुन्हा करायचा कंटाळा आला, म्हणून मी त्या पॅडचा आवाज शून्यावर आणून ठेवला. शांतताच झाली की. तीन वर्षं छान चाललं. लोक म्हणायचे, “नाना, वय वाढस तसा हात खुली राह्यना तुमना.” नाना लाजायचा आणि मला चहा पाजायचा. मी तो प्यायचो.

गेल्या कानबाईला मिरवणूक निघताना नाना म्हणाला, “भो, आवाज वाढाव. मांगे बाया शेतस, त्यासले ऐकू येत नही.”

मी सगळ्या पॅडचे आवाज एकदम वर नेले. सगळ्या. शून्यावरचाही.

चौकात कानबाई पहिल्यांदा थांबली. आमची चुलत बहीण अक्का डोक्यावर देवीचा चौरंग घेऊन उभी. आरती घरातल्या वडीलधाऱ्याची, म्हणून नानाने टिपरू कमरेला खोचलं आणि ताट हातात घेतलं. आणि मी? मी डोळे मिटून रंगात आलो होतो. बाकीच्या पॅडवर दरवर्षीपेक्षा जास्तीच्या दोन तिहाया घेतल्या.

“नाना,” अक्का वरचं ओझं सांभाळत म्हणाली, “ताट तुना हातमा शे. मंग ढोल कोन वाजाडी राह्यना?”

मी डोळे उघडले आणि मुका पॅड हाणला. ढोल कापला गेला, अगदी ठरल्याप्रमाणे. आणि आधी सुनंदाचा प्रश्न, मग माझा आवाज चौकभर घुमला, “काय सांगू? हात चालत नाहीत म्हणून?”

तो थांबवायला एकच वाट होती, जोडीचा पॅड. तो मारला, नानाचा ढोल सुरू. नाना ताट घेऊन उभा. ढोल कापायला पुन्हा मुका पॅड, आणि तेच पहिल्यापासून, या वेळी आणखी पुढपर्यंत. “त्याला ढोल फक्त गळ्यात पाहिजे.” पुन्हा ढोल. पुन्हा मी. मागच्या बायकांना वाटलं नवीन गाणं आहे, दोघी-तिघींनी फुगडी धरली.

“वायर उपट ना, भाड्या,” अक्का म्हणाली. डोक्यावर देवी असताना ती पहिल्यांदाच शिवी देत होती.

वायर उपटली. तोवर शेवटचं वाक्य वाजून गेलं होतं.

नानाने आरती पुरी केली. ताट खाली ठेवलं. मग विचारलं, “कितला वरीस?”

“तीन.”

“लोके चांगला वाजाडस म्हनेत, ते तुले म्हनेत?”

“नाही नाना, तो ढोल तुझाच होता. जुना.”

“मी बी जुनाच शे,” तो म्हणाला आणि टिपरू काढून वाजवायला लागला. बिनमाईकचा, अडखळत. अक्काने पावलं त्याच्या ठोक्यावर आणली, म्हणून सगळ्या मिरवणुकीला आणावी लागली. नदीवर पोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. परत आल्यावर त्याने ढोल खुंटीला लावला, तो तिथेच आहे.

त्याला वाईट वाटू नये म्हणून हे केलं, असं मी सुनंदाला सांगत होतो. खरं म्हणजे शिरपूरला हसणाऱ्यांत माझ्या ऑर्केस्ट्रातले दोघे होते, आणि तो माझा भाऊ आहे हे त्यांना माहीत होतं.

आता मी महिन्यातून एकदा गावी जातो. नाना खाटेवर बसलेला असतो. चहा वहिनी देते. मी सुरुवात करतो, “नाना, त्या दिवशी मी...” आणि नाना खाटेच्या लाकडी कडेवर एक बोट आपटतो, जसा मी तो पॅड हाणला होता. बोट थरथरतं, त्यामुळे एकाच्या जागी चार-पाच ठोके पडतात.

मी पहिल्यालाच गप्प होतो. वायरसुद्धा लागत नाही.