पेन्याबाईंचं तिकीट

कास्त्रो बंदराच्या धक्क्यावरच्या बोट कचेरीत नोल्फा बार्रिया तिकिटांची वेबसाइट सांभाळायची. गेला महिनाभर ती साइट काही प्रवाशांना मध्येच बाहेर ढकलत होती. सर्व्हर प्रत्येक चूक लॉगमध्ये नोंदवायचा, पण त्या ढिगातून नेमकं कारण शोधताना नोल्फाचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती. शेवटी लॉग तपासणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि तिने दोन सॉफ्टवेअर वापरून पाहिली.

मालक अर्नोल्दो पहिल्याच्या रंगीत आलेखांच्या प्रेमात पडले. "हेच घे की. किती देखणं आहे."

"देखणं आहे हो, पण चुका वाढल्यात एवढंच सांगतंय. ते मला लोकांच्या शिव्यांवरूनही कळतं."

दुसरं दिसायला अगदीच रुक्ष होतं. पण त्याने एकसारख्या चुका एकत्र केल्या आणि त्या कुणाच्या तिकिटावर झाल्या तेही दाखवलं. पेन्या, मुन्योस, ओर्दोन्येस. नोल्फा बघतच राहिली. सगळ्यांच्या आडनावात डोक्यावर नागमोडी रेघ असलेलं 'एन' होतं, आणि साइटला नेमकं तेच अक्षर पचत नव्हतं.

तिने ते दुरुस्त केलं, रुक्ष सॉफ्टवेअर पक्कं केलं आणि बेटावरच्या उल्दा पेन्याबाईंना फोन लावला. "काकू, आता काढून बघा."

थोड्या वेळाने तिकडून आवाज आला, "निघालं गं बाई. म्हणजे माझं काही चुकत नव्हतं तर. पोरगा म्हणत होता, आई, तुला आता जमायचं नाही."

नोल्फाने खुर्चीत मागे टेकून माते नावाचा कडवट हिरवा चहा प्यायला घेतला. तो गार झाला होता, तरी गोड लागला.