पुढच्या राफ्टमधली जागा

सवत असती तर परवडलं असतं, असं मी माझ्या बहिणीला नेहमी म्हणायची. सवतीला तोंड असतं, झिंज्या असतात, रस्त्यात गाठून चार गोष्टी सुनावता येतात. नदीचं काय करता? तीही आपल्या कन्हान-वैनगंगेसारखी जवळची असती तर एखाद्या रविवारी जाऊन पाहून तरी आले असते. ही पार उत्तराखंडात, नेपाळच्या हद्दीवर. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून हिरवंगार पाणी. दिवाळीचा फराळ संपायच्या आत आमचे हे तिच्याकडे निघायचे, ते आठवड्यानंच परत यायचे.

तिथे एक गाईड आहे. तो रबरी राफ्टमधून माणसांना नदीच्या घळीतून खाली नेतो, रोज संध्याकाळी वाळूवर तंबू लावतो, आणि वाटेत जिथे पाणी खोल असेल तिथे गळ टाकू देतो. मासा महासीर. तो पकडायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "खायचा नाही तर मंग पकडता काहून?" याचं उत्तर त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. मलाही नाही.

आमचे हे नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मॅनेजर. दिवसभर ट्रकवाल्यांशी आणि हमालांशी घसा फोडतात, म्हणून घरी येईपर्यंत शब्द संपलेले असतात, अशी मी माझी समजूत घातली होती. भाजी कशी झाली? हूं. पोरीचा पुण्याहून फोन होता. हूं. तेवढ्यात मित्राचा फोन यायचा आणि हाच माणूस गॅलरीत जाऊन पाऊण तास बोलायचा. पाणी किती चढलं असेल, कोणत्या वळणावर मागच्या वर्षी मासा सुटला, यंदा कोणता गळ न्यायचा. आत आल्यावर मी विचारायची, "काय म्हणत होते?" उत्तर ठरलेलं. "काही नाही."

मित्र शाळेपासूनचा. रामदासपेठेत हॉस्पिटलांच्या समोर त्यांचं औषधांचं दुकान आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते. माणूस चांगला, हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

ऑक्टोबर लागला की कपाटावरून गळाची काठी उतरायची, तिची कापडी खोळ धुतली जायची, आणि हे मांडी घालून रिळाला थेंबथेंब तेल घालत बसायचे. एकदा मी म्हटलं, "हातात तेल हायेच तर माझ्या गुडघ्याले पण लावून द्या जरा." "हूं," म्हणाले, आणि रीळ पुसत राहिले. त्या दिवशी मी वरणात मीठ घातलं नाही. त्यांनी तसंच खाल्लं.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या तिसऱ्या सोबत्याचं ऑपरेशन निघालं आणि खर्च वाटून घ्यायला एक माणूस कमी पडला. भाऊजी आमच्याकडे बसले होते. सहज म्हणाले, "वहिनीले घेऊन चल ना बे." पाहा, म्हणजे कल्पनासुद्धा त्यांचीच. सव्वीस वर्षांच्या संसारात जे नवऱ्याच्या मनात आलं नाही ते मित्राच्या मनात आलं. जीव असा जळला की काय सांगू. पण जायचं तर होतंच. गॅलरीतला तो माणूस मला एकदा समोरून पाहायचा होता. आठवडाभर त्याच्या शेजारी बसायचं, एवढंच मनात धरून मी बॅग भरली.

पहिल्याच सकाळी गाईडनं माझी वाट लावली. दोन राफ्ट होत्या. पुढच्या राफ्टमध्ये मागे तो स्वतः, आणि पुढे दोनच जागा, एक डावीकडे, एक उजवीकडे, कारण दोन्हीकडून वल्ही सारखी पडली पाहिजेत. मागच्या राफ्टमध्ये तंबू, भांडी, कांद्याचं पोतं आणि ती वल्हवणारा स्वयंपाकी. "दीदी, आप पीछे सामान के साथ आराम से बैठिए," तो मोठ्या आदरानं म्हणाला. मी यांच्याकडे पाहिलं. हे लाइफ जॅकेटचा पट्टा आवळत होते, भाऊजींच्या जॅकेटचा. मी जाऊन कांद्यांशेजारी बसले.

तिथून मला दिवसभर दोन केशरी पाठी दिसायच्या. खळाळ आला की दोन्ही पाठी एकदम वाकायच्या, एकदम उठायच्या. आणि हे हसायचे. पाणी अंगावर आलं की हसायचे, वल्हं चुकलं की हसायचे. त्या कड्यांमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे एक हसणं मला दोनदा ऐकावं लागायचं.

संध्याकाळी शेकोटीपाशी तर कहरच. आमचे हे गाणं म्हणाले. जुनं हिंदी गाणं, तिन्ही कडवी, सुरात. गोदामातल्या एका म्हाताऱ्या हमालाची त्यांनी अशी नक्कल केली की गाईड वाळूत लोळला. त्या हमालाचं नावसुद्धा घरी कधी निघालं नव्हतं. मी हसले, सगळे हसत होते म्हणून. आत मात्र मी एकेक गोष्ट मोजून ठेवत होते, ही भाऊजींची, हीही भाऊजींची, माझी कोणती?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी किटलीतून दोन कप भरले. एकात साखर घातली, दुसरा तसाच यांच्या हातात दिला. मी म्हटलं, "त्यायच्या चहात साखर राहिली."

"तो बिनसाखरेचाच पितो वहिनी."

"केव्हापासून?"

"पयल्यापासूनच."

मी यांच्याकडे वळले. हे कपात पाहत होते. "तू घालून देते तर पितो मी," म्हणाले. "काय सांगायचं त्यात?" माझ्या हातचा गोड चहा हा माणूस इतकी वर्षं औषधासारखा गिळत होता, आणि ते ठाऊक कोणाला, तर रामदासपेठेतल्या औषधवाल्याला. त्या दिवशी मी राफ्टमध्ये स्वयंपाक्याशीसुद्धा बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच एका ठिकाणी थांबलो. डाव्या कड्यातून एक ओढा येऊन नदीला मिळत होता. गाईड म्हणाला, मोठे मासे इथेच असतात. यांच्या काठीचा दोरा खडकावर घासून खरखरीत झाला होता. यांनी तेवढा तुकडा कापून टाकला. आता रिळाचा बारीक दोरा आणि गळाकडचा जाड दोरा जोडायचा होता, तेवढ्यात गाईडनं राफ्ट ओढायला हाक मारली. "हे धर जरा," म्हणून दोन्ही टोकं माझ्या हातात देऊन हे गेले.

आता माझं माहेर उमरेडचं, कोष्ट्याचं घर. पडवीत दोन हातमाग. ताण्याचा धागा तुटला की सांधायचं काम आम्हा पोरींचं, कारण बोटं बारीक. दोन टोकं एकमेकांवर घ्यायची, फेरा द्यायचा, थुंकी लावून आवळायचं आणि शेपट्या अगदी गाठीपाशी दातानं तोडायच्या. शेपटी उरली तर फणीत अडकते. गाठ हाताला लागली तर बाबांचा आवाज चढायचा. माझ्या गाठी त्यांना कधी लागल्या नाहीत.

तर हातात दोन टोकं आली आणि बोटांनी आपलं काम केलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण तीन दिवसांत त्या नदीवर मला करता येण्यासारखं पहिलंच काम समोर आलं होतं. गाठ अशी देखणी बसली की जोड कुठे आहे ते शोधावं लागलं असतं. शेपट्या दातानं साफ.

हे परत आले. दोरा बोटांतून फिरवला. थांबले. "तू बांधली का वं?"

"मंग काय कांद्याच्या पोत्यानं बांधली?"

त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मग गाठीकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं. मला वाटलं आता कापतील. कापली नाही. तशीच काठी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले.

मासा लागला तो थोड्याच वेळात. रीळ असं किंचाळलं की भाऊजी हातातलं सगळं टाकून धावत सुटले. काठी कमानीसारखी वाकली, दोरा पाणी कापत पार पलीकडच्या कड्याकडे गेला. गाईड ओरडत होता, ढील दो, ढील दो. पाण्यावर एकदा सोनेरी पाठ दिसली आणि गेली. मी मात्र यांचं तोंड पाहत होते. आमच्या लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हाही या तोंडावर असं काही नव्हतं. माशासाठी माणूस असा उजळतो? मला तो मासा डोळ्यांसमोर नको झाला होता.

आणि दोरा सैल पडला.

 यांनी हळूहळू रीळ फिरवलं. दोऱ्याचं टोक हातात आलं. भाऊजींनी ते चिमटीत धरून पाहिलं. टोक कुरळं झालं होतं, रिंगण रिंगण.

"तुटला नाही," भाऊजी म्हणाले. "गाठ सुटली. हा गुळगुळीत दोरा, त्याले शेपटी ठेवाच लागते. कोणं बांधली?"

मी तोंड उघडलं. पण बोलायच्या आत हे म्हणाले, "मी."

"तू? तुझी गाठ मी आंधळा झालो तरी वळखीन बे." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी बांधली म्हटलं ना एकदा. विषय खतम."

या आवाजात हे भाऊजींशी बोललेले मी कधी ऐकले नव्हते. भाऊजींनीही ऐकले नसावेत. निघायच्या वेळी ते जाऊन मागच्या राफ्टमध्ये कांद्याच्या पोत्याशेजारी बसले. गाईडनं दोघांकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "दीदी, आप आगे आ जाइए." (माझं अजूनही मत विचाराल तर गाठ चांगलीच होती. दोराच नालायक होता.)

अशी मला ती जागा मिळाली. डावीकडे मी, उजवीकडे हे. मनात म्हटलं, मी जिंकले. माझ्यासाठी हा माणूस त्याच्या मित्राशी खोटं बोलला. मला इतका आनंद झाला की पहिल्या खळाळात मी वल्हं मारायचंच विसरले.

"पाणी केवढं थंड हाये, नाही?" मी म्हटलं.

"हूं."

मी वल्ह्यानं दाखवलं. "तो पाहा, केवढा मोठा पक्षी."

"हूं."

तोच हूं. वाडीचा हूं, जेवणाच्या टेबलाचा हूं. हे वल्हं मारत होते, बरोबर मारत होते, गाडीत माल चढवावा तसं. पाणी अंगावर आलं, तोंड पुसलं. मी विचारलं, "सांगून टाकू का मी भाऊजींले, गाठीचं?" "काही सांगू नको," म्हणाले. मग जेवणाचा थांबा येईपर्यंत त्या घळीत वल्ह्यांचा आवाज तेवढा होता. ज्याच्यासाठी मी नागपूरहून इतक्या दूर आले होते तो माणूस मागे वाळूवरच राहिला होता. माझ्या शेजारी बसला होता तो मी घरून आणलेला.

जेवताना हे एका खडकावर, भाऊजी दुसऱ्या. मी ताट ठेवलं आणि भाऊजींकडे गेले.

"भाऊजी, गाठ मी बांधली होती."

"मले माहीत हाये."

"मंग काहून विचारलं चारचौघांत?"

ते पोळीचा तुकडा मोडत राहिले. म्हणाले, "वहिनी, शाळेपासून तो माझ्याशी खोटं बोलला नाही. बापाशी बोलला, मास्तरशी बोलला, माझ्याशी नाही. आज बोलला. तुमच्यासाठी." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमचा लई राग आला मले. खरं सांगतो. तुमच्यापाशी घरी तो सगळाच हाये. मले वर्षातून आठ दिवस भेटते."

सगळाच आहे म्हणे. मला हसूही आलं आणि त्या नदीत उडी मारावीशीही वाटली. या माणसाच्या हेव्यात मी सव्वीस वर्षं जळत होते, आणि हा माझ्या डायनिंग टेबलावर जळत होता. खोटं का बोलू, त्याचा राग ऐकून मला फार गोड वाटलं. तो राग मी आणखी दोन दिवस त्याला करू दिला असता. जागा माझी होती, नवरा माझा होता, कोण उठवणार होतं मला?

पण समोर खडकावर हे एकटे बसून भात चिवडत होते. आणखी दोन दिवस तो हूं ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

"भाऊजी, तुमी बसा पुढं," मी म्हटलं. "माझे खांदे दुखून राह्यले."

माझे खांदे दुखत नव्हते. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, काही म्हणणार होते, मी म्हणू दिलं नाही. जाऊन कांद्यांजवळ बसले. पुढे दोघं शेजारी बसले. बराच वेळ दोन्ही केशरी पाठी ताठ होत्या. एक खळाळ गेला. दुसरा गेला. मग भाऊजी काहीतरी बोलले, यांनी मान हलवली. त्यांची राफ्ट वळणाआड गेली, आणि तिकडून यांचं हसणं ऐकू आलं. एकदा, आणि मग कड्यावरून परत एकदा.

मी पोत्यामागचं जादा वल्हं ओढून काढलं. स्वयंपाकी म्हणाला, "दीदी, आप रहने दीजिए, आराम से पहुँच जाएँगे."

"आराम गया चूल्हे में, भैया," मी म्हटलं. "जोर से मारो. वो लोग आगे निकल गए."