दाजीपूरचे दोन गवे

दाजीपूरच्या जंगलात रस्त्यालगतच दोन गवे समोरासमोर आले आणि आमची जीप थांबली. मागे बसलेला माझा मेहुणा लगेच तुलनेला लागला. रानरेड्याची शिंगं याच्यापेक्षा लांब, अमेरिकेतल्या बायसनचं डोकं मोठं, पण खांद्याशी उंच भरतो तो आपला गवाच. माझी मुलगी खिडकीतून गव्यांकडे बघत होती. गेल्या आठवड्यात एका थोराड मुलीनं तिला कुस्तीत चीत केलं होतं. तेव्हापासून तिनं तालमीत पाऊल टाकलं नव्हतं.

आता टक्कर होणार, असं मला वाटलं. पण मोठा गवा सावकाश आडवा वळला. पाठीचा उंच कणा, खोडासारखी मान, सगळं त्यानं नुसतं दाखवलं. मग धाकटाही वळला. त्याच्याकडे दाखवण्यासारखं कमीच होतं, पण जेवढं होतं तेवढं त्यानं अंग न चोरता दाखवलं. बऱ्याच वेळानं तो पांढरे पाय संथपणे उचलत झाडीत शिरला.

"हरला बिचारा," मेहुणा म्हणाला.

"मामा, तो पळाला कुठं? चालत गेला."

उंची, वजन, शिंगं मोजता येतात. पण आपल्याहून दांडग्या अंगासमोर आपलं अंग घेऊन उभं राहायचं, हे कशानं मोजायचं? आणि त्या धाकट्या गव्याची तर अजून वाढ व्हायची होती.

जीप सुरू झाली.

"बाबा, उद्या पहाटे मला तालमीत सोडा," मुलगी म्हणाली. "त्या पोरीशी परत कुस्ती धरणार मी."