दफनभूमीतला बोळ

आमच्या वस्तीच्या दफनभूमीचा पहिला नकाशा मी काढला, आणि तो चुकला. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्या चुकीमुळे झालं.

धरणाच्या पाण्यात गाव गेलं आणि माणसं वर माळावर आली. नव्या गावात शाळा, देऊळ, चावडी यांच्या जागा आखलेल्या होत्या. आमची मेलेली माणसं कुठं जातील, हे कुणी आखलं नव्हतं. वस्तीतली एक म्हातारी गेली तेव्हा तिला ओढ्याकाठच्या मुरमाड जागेत पुरलं. त्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, जुन्या घरांची जोती उघडी पडली. तिच्या मुलांनी आपल्या जोत्याचा एक दगड आणून तिच्या उशाशी रोवला. तेव्हापासून सगळ्यांनीच तसं केलं. आता बरेच जण दहन करतात, पण दगड अजून आणतात.

मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली. भूगोलाच्या प्रकल्पासाठी टेप लावून एकेक दगड मोजला, कागदावर दोन सरळ रांगा काढल्या आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यावर लिहिलं, ‘रिकामी जागा’. एक प्रत हौसेनं ग्रामपंचायतीतही दिली.

माझे वडील, अण्णा, ट्रॅक्टर चालवतात. शाळेत गेले नाहीत. ‘हितं काय लिवलंस?’ म्हणून त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवलं. मी वाचून दाखवलं.

‘रिकामी कुटली? ह्यो बोळ हाय.’

‘कसला बोळ?’

‘आपला की. ह्या अंगाला आमी, त्या अंगाला तुज्या आत्याचं सासर. जुन्या गावात जशी घरं, तशी माणसं ठिवलीत.’

‘मग कुठं लिहून का नाही ठेवलं?’

‘लिवणारं कोण हुतं?’

दुरुस्त प्रत द्यायची माझ्याकडून राहून गेली. महिन्याभरात ग्रामसभा झाली. उसाच्या गाड्यांसाठी ओढ्याकाठून रस्ता काढायचा होता. सरपंचांनी माझाच नकाशा उंच धरला. ‘तुमच्याच पोरीनं लिहिलंय, रिकामी जागा.’

मी उठले. ‘ते चुकलंय. मी चुकले. तो बोळ आहे.’

‘कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय?’ मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

‘बोळातनं जाणार कोण, ताई?’ सरपंच म्हणाले. ‘मेलेली माणसं?’

‘आम्ही जातो. तुमच्या दारापुढच्या रस्त्यावर घर नाही, म्हणून ती जागा रिकामी म्हणायची का?’

माझं म्हणणं इतिवृत्तात लिहा, असं मी सांगितलं. ग्रामसेवक सरपंचांकडे बघत राहिले. त्यांनी लिहीपर्यंत मी बसले नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी टेपचं एक टोक धरलं, दुसरं मी. प्रत्येक दगडापाशी ते घर सांगत गेले, मी लिहीत गेले. मधे ठळक अक्षरांत ‘बोळ’ लिहिलं.

रस्त्याचं अजून ठरलेलं नाही. जुनी प्रत परत मागितली, ती दिली नाही. राहू दे त्यांच्याकडे. नवी प्रत मी दिली आणि पोच घेतली. तिच्यावर माझ्या सहीखाली लिहिलंय: आधीचा नकाशा चूक होता, तो मीच काढला होता, आणि हाही मीच काढलाय.