दीपमालानं भरलेला रकाना

अमडापूरच्या जानराव इंगळेंची हयात एसटीच्या आगारात इंजिनं खोलण्यात गेली. साहेब-सुभ्यापुढं ते कधी दबले नाहीत. दबले ते एकदाच, पोटच्या पोरीपुढं.

दीपमाला चिखलीत विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायची. डिप्लोमा झालेला, हात बारीक कामाचा. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तिची निवड झाली आणि मागोमाग चौकशीचा जाडजूड फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, थकलेल्या कर्जाचा.

चार वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या, सुचिताच्या ब्यूटी पार्लरसाठी ती पतसंस्थेत जामीन राहिली होती. पार्लर बुडालं, सुचिता लग्न होऊन सुरतेला गेली, आणि सव्वा लाखाची नोटीस दीपमालाच्या नावानं आली. तिनं ती पेटीत टाकून ठेवली होती.

जानरावांनी तिला समजावलं. पैसे काही तिनं खाल्ले नव्हते. रकाना कोरा ठेवला तर दिल्लीतून कोण अमडापुरात पाहायला येणार होतं? दीपमालानं ऐकून घेतलं आणि सगळं लिहून टाकलं. दुसऱ्याच दिवशी पतसंस्थेत जाऊन तिनं हप्ते बांधून घेतले.

दीड महिन्यानं चौकशीचे साहेब खरंच आले. साधा शर्ट, पायात चप्पल. आधी शेजारच्या सुभद्राबाईकडे बसले, मग यांच्या ओट्यावर. त्यांनी फाइल उघडली, तसे जानराव पुढं वाकले. पेटीतल्या त्याच नोटिशीची, पतसंस्थेतून आणलेली नक्कल आत लावलेली होती.

"कर्ज तर तुमचं नव्हतं," साहेब म्हणाले. "मग लिहिलं कशाला?"

"सही माही होती, साहेब." दीपमाला जरा थांबली. "अन् लपोलं असतं, तं ज्याले हे ठाऊक हाये, त्याच्या मुठीत मी राह्यली असती. उद्या तो म्हणला असता, तिथला एक कागद आणून दे, नाहीतं सांगतो. मंग मी काय केलं असतं?"

साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ लिहीत राहिले. जानराव पोरीकडे बघतच राहिले. आपण तिला पान्हे धरायला शिकवलं. हे तिला कोणी शिकवलं, ते त्यांना उमजेना.

नोकरी लगेच मिळाली नाही. कर्ज फिटेस्तोवर प्रकरण थांबलं, सोबतची पोरं रुजू झाली. अकरा महिने दीपमाला दिवेलागणीपर्यंत तांब्याची तार गुंडाळत होती. कर्ज फिटल्याचा पतसंस्थेचा बेबाकी दाखला पाठवल्यावर पुढच्या तुकडीत तिचं नाव आलं.

जानराव तिला शेगाव स्टेशनवर पोचवायला गेले. आता गावात कोणी विचारतं, पोरगी तिथं काय बनवते?

"मले नाई माहीत," ते म्हणतात. "तिनं सांगतलं नाई, अन् म्याबी इचारलं नाई."